देवाच्या जागी कात्री

आमचं दुकान कोर्टाच्या बरोबर समोर होतं आणि घर दुकानाच्या पाठीमागे, त्यामुळे कुंभकोणमातल्या इतर मुली शाळेतून येऊन काय ऐकत असतील ते असो, मी मात्र फौजदारी कायद्यावरचे प्रश्न ऐकत वाढले. दुकानापुढे एक लांब बाक होतं. अप्पांनी ते गिऱ्हाइकांसाठी करून घेतलं, पण त्यावर बसत ते वाय्द्याला आलेले लोक. तारखेला आमच्याकडे वाय्दा म्हणतात. पापनाशम्‌हून पहिल्या गाडीनं आलेले, चोळपुरम्‌हून सायकल मारत आलेले, तिरुप्पनंदाळच्या बाजूचे, सगळे नाव पुकारलं जाईपर्यंत त्या बाकावर बसून एकमेकांना विचारायचे. जामीन झाला म्हणजे सुटलो, असंच ना? मी नुसता उभा होतो, तरी माझं नाव का घातलं? तक्रार करणाऱ्यानंच मागे घेतली तर खटला संपतो की नाही? पोलिसांनी कागद पुढे केला तर सही करावीच लागते का? मग पलीकडून डवाली, म्हणजे कोर्टाचा पट्टेवाला, खणखणीत आवाजात कुणाचंतरी नाव ओरडायचा, तो माणूस धोतर सावरत पळायचा आणि उत्तर घेऊन दुसऱ्या दारानं बाहेर पडायचा. आम्हांला प्रश्न तोंडपाठ, उत्तर एकाचंही ठाऊक नाही.

आज मी साठी ओलांडलेली वकील आहे आणि लोक माझ्याकडे मोबाइलच्या पडद्यावर बोट ठेवून येतात. कायद्याची नावं बदलली, कलमांचे आकडे बदलले, मला म्हातारपणी पुन्हा पाठांतर करावं लागलं. प्रश्न मात्र बाकावरचेच आहेत, एकही नवा नाही.

अप्पा वकिलांचे काळे झगे शिवत, पोलिसांची खाकी शिवत आणि आरोपीच्या बायकोची पोलकीही शिवत. 'आपल्याकडं सगळे पक्षकार सारखेच' असं म्हणत ते हसायचे. आमचं कुळच शिंप्यांचं. मराठे राजांच्या मागोमाग कधीतरी इकडे आलेली, विठ्ठलाचं भजन करणारी मोजकी घरं. घराबाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी, आणि तीही अशी की पुण्याचे पाहुणे आले की तोंडावर हात धरून हसू दाबायचे. दाबू देत. सकाळी पहिल्यांदा ऐकू यायचा तो आईनं डबऱ्यातून, म्हणजे पसरट वाटीतून, कॉफी उंचावरून ओतल्याचा आवाज, मागोमाग अप्पांच्या यंत्राचा. दुपारी बहुधा भात, आंबट सारू आणि डांगर पच्चडी. उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवून वर मोहरी-हिंगाची फोडणी. ती फोडणी चुरचुरली की बाकावरची माणसं माना वळवून आत बघायची. आईला ते आवडत नसे, तरी ती पच्चडी थोडी जास्तच करायची.

अप्पा एका सकाळी झग्याची बाही जोडता जोडता यंत्रावरच कलंडले. कोणत्याही बाईनं रडावं तशी आई रडली, आणि सुतक फिटल्यावर उरलेली बाही तिनं जोडून दिली. तेव्हापासून यंत्रावर ती बसू लागली. मी कॉलेजच्या उंबरठ्यावर होते. काजं, गुंड्या आणि इस्त्री माझ्याकडे आली.

आता आमच्या देवाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यानं घडवलं. आमच्या भजनमंदिरात मोठा विठ्ठल दगडाचा, जागचा न हलणारा. त्याच्या पायाशी उत्सवाचा लहान विठ्ठल, पंचधातूचा, वीतभर उंच. कार्तिकी एकादशीला त्या लहान देवाला नवा अंगरखा, शेला आणि पागोटं घालायचं, आणि ते दरवर्षी एका घरानं शिवायचं. त्याला आम्ही पाळी म्हणतो. ज्या घराची पाळी, त्या घरी एकादशीआधी देव मापाला येतो. देवाला न्यायला परवानगी मागायची नाही. आपल्या घरच्या देवाला न्यायला परवानगी कसली, असा त्यातला भाव. पहाटेची पूजा झाली की पाळीच्या माणसानं देव उचलायचा, कोऱ्या पंच्यात गुंडाळायचा आणि त्याच्या जागी आपल्या घरची कात्री ठेवायची. कात्री धुऊन, तेल लावून, कुंकू आणि तुळस वाहून. शिंप्याच्या घरात कात्रीहून मोठं तारण दुसरं नसतं. देव परत येईपर्यंत त्या घरात दुसऱ्याच्या कात्रीनं काम चालायचं. लहानपणी मी अप्पांना विचारलं होतं, देव काय वर्षात वाढतो, दरवेळी माप कशाला? ते म्हणाले, "देव नाहीं वाढत गो, कापणाऱ्याचा हात बदलतो."

अप्पा गेले त्याच्या पुढच्या कार्तिकात पाळी आमची होती. घरात पुरुष नाही, तेव्हा ती पुढच्या घराकडे जाईल असं मला वाटत होतं आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटत होतं. झग्यांचं काम साचलेलं होतं. मी आईला तसं विचारलं.

"पाळी अजून आपली अस्से कां, आई?"

ती दिव्याची काजळी पुसत होती. "घर अस्से, यंत्र अस्से, मीं अस्सें. पाळी कुठें जाईल?"

"लोक काय म्हणतील?"

"म्हणूं देत. मी त्यांचे कपडे शिवायला नाहीं जात, देवाचे शिवते."

दुसऱ्या दिवशी पहाटेची आरती आटोपल्यावर, चांगलं उजाडल्यावर, रस्त्यात कोलमाच्या रांगोळ्या घालणाऱ्या बायकांच्या देखत, ती पंच्यातला देव छातीशी धरून घरी आली. मागोमाग मी हातात तुळशीची परडी घेऊन. मंदिरात देवाच्या जागी अप्पांची मोठी पितळी मुठीची कात्री ठेवली होती.

घोटाळा झाला तो दामोदररावांमुळे. हे आमच्यातलेच, पण लहानपणीच चेन्नईला काकांकडे गेलेले, तिथे बँकेत नोकरी करून निवृत्त होऊन परतलेले. आल्या आल्या त्यांना मंदिराचे सेक्रेटरी केलं, कारण त्यांना इंग्रजीत अर्ज लिहिता येई. माणूस भाविक, भजनात ताल न चुकवणारा, पण त्यांच्या घरात शिवणयंत्र कधीचंच उरलेलं नव्हतं आणि पाळीची रीत त्यांना कुणी सांगितली नव्हती. सांगायची असते हेच कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते आंघोळ करून मंदिरात आले, तर देव नाही आणि देवाच्या जागी हातभर कात्री. आमच्यातल्या कुठल्याही पोरानं ती पाहून 'देव मापाला गेला' म्हटलं असतं. दामोदररावांना वाटलं, चोर दाराची साखळी कापायला हत्यार घेऊन आला आणि घाईत ते टाकून पळाला. ते धावत पोलिसांत गेले. आमच्या भागात मूर्ती नाहीशी झाली हे शब्द फार वाईट. कितीतरी देवळांतले देव असे गेले ते समुद्रापलीकडे निघाले. फौजदारानं लगेच गुन्हा नोंदवला आणि कात्री रुमालात गुंडाळून जप्त केली.

कोलम घालणाऱ्या बायकांना विचारताच त्यांनी आमचं घर दाखवलं. पोलीस आले तेव्हा देव दुकानातल्या कापायच्या मेजावर, पाटावर उभा होता. अंगावर खडूच्या खुणा केलेला पिवळा रेशमी तुकडा टाचण्यांनी लावलेला, आणि आई दातात टाचण्या धरून त्याच्या खांद्याचं माप घेत होती. दार सताड उघडं, बाकावर नेहमीची माणसं. फौजदार उंबऱ्यात थबकला. त्याच्या अंगावरची खाकी आमच्याच दुकानातली होती.

"अम्मा, ही मूर्ती तुम्ही आणली?"

आईनं दातातल्या टाचण्या काढून हातावरच्या गादीत टोचल्या. "मीच आणली."

"आणि ती कात्री?"

"माझ्या नवऱ्याची. नीट ठेवा, धारेला बोट लावू नका."

बाकावरचा एक म्हातारा कपाळावर हात मारून घेताना मला दिसला. त्याच्या हिशेबानं आईनं सगळंच कबूल करून टाकलं होतं. आईला मात्र ठाऊकच नव्हतं की तिला काही कबूल करायला लावलं जात आहे. तिला रीत विचारली, तिनं रीत सांगितली.

फौजदार म्हणाला, चौकीवर चला. तेव्हा आईनं माझ्याकडे वळून आमच्या बोलीत, जिच्यात 'होणें' म्हणजे हवं, हळूच सांगितलं, "रुक्मे, वकील होणें. वैद्यनाथन सारांना बोलावून आण. त्यांचा झगा तयार अस्से, तोही घेऊन जा."

वैद्यनाथन वकील चिडका माणूस. झगा अंगावर चढवत, मला एकामागून एक प्रश्न विचारत ते रस्ता ओलांडून चौकीकडे निघाले. चौकीत मंदिराची वडीलमंडळी आमच्या आधीच जमली होती आणि दामोदरराव घामाघूम होऊन उभे होते. त्यांना आता सगळं कळलं होतं. पण माणसाला कळलं म्हणजे तो मागे सरतोच असं नाही. ते म्हणत होते, पाळी पुरुषाची असते, नवरा गेला की पाळी संपली, मग हिनं देव नेला तो कोणत्या हक्कानं? मंडळींनी तोडगा काढला होता. एक कागद तयार होता: माझ्याकडून अपराध झाला, देव न विचारता नेला, क्षमा असावी. आईनं सही केली की दामोदरराव तक्रार मागे घेणार आणि सगळे घरी जेवायला जाणार.

"रोज भजनाच्या शेवटीं आपण अपराधी म्हणून देवापुढं नाक घासतोंच कीं," त्यांतले एक मामा आईला समजावत होते. "तेंच कागदावर. सही करून टाक मा, गोष्ट संपूं दे."

आईनं कागद वाचला आणि वकिलांकडे पाहून बाकावरचाच प्रश्न विचारला. "सार, सही करावीच लागते का?"

वैद्यनाथन म्हणाले, "नाही. पोलिसांपुढच्या जबाबावर सही लागत नाही. आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्ट वाचतही नाही."

"मग केली तरी बिघडत नाही?" हे मी विचारलं. मला आईला घरी न्यायचं होतं, बस्स.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरले. "कोर्ट नाही वाचणार. हे वाचतील." त्यांनी वडीलमंडळींकडे बोट केलं. "दर कार्तिकात वाचतील. दुसरं म्हणजे, गुन्हा एकदा नोंदला की तो तक्रारदाराचा राहत नाही, सरकारचा होतो. ह्यांनी मागे घेतो म्हटलं म्हणून फौजदार फाईल फाडू शकत नाही. म्हणजे सहीही जाईल आणि खटलाही राहील."

आईनं कागद परत केला. "सही नक्को," ती मामांना म्हणाली. मग सगळ्यांना कळावं म्हणून तमिळमध्ये म्हणाली, "देवापुढे मी अपराधी आहे. तुमच्यापुढे नाही."

त्याच दुपारी तिला दंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं आणि जामीन झाला. जामीनदार म्हणून बाकावरचाच एक चोळपुरम्‌चा शेतकरी उभा राहिला, ज्याची पँट आईनं कधीतरी फुकट दुरुस्त केली होती. जामीन म्हणजे सुटका नव्हे, हे उत्तर मला त्या दिवशी पहिल्यांदा मिळालं. देव मात्र मुद्देमाल झाला. त्याच्या गळ्यात सुतळीनं चिठ्ठी बांधली, लाखेची मोहोर लावली आणि त्याला कोर्टाच्या कोठडीत, दारूच्या बाटल्या आणि तुटक्या सायकलींच्या शेजारी ठेवलं. एकादशी आली आणि गेली. मंदिरात लहान देवाशिवाय भजन झालं; आम्ही गेलो नाही. आईनं अंगरखा, शेला आणि इवलंसं पागोटं पुरं करून, त्याला धूप दाखवून पेटीत ठेवलं. मी खूप रडले. मला दामोदररावांचा असा राग आला होता की आज लिहितानाही थोडा येतोच. आईनं मला पोटाशी घेतलं नाही की समजावलं नाही. तिनं साचलेल्या झग्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि काजं करायला सांगितली.

पुढे अर्ज करून वैद्यनाथननी देवाला बंधपत्रावर मंदिरात परत पाठवलं, पण खटला राहिला. मूर्तीचं प्रकरण बंद करायला कुणी धजेना. पहिल्या वाय्द्याआधी मंडळी पुन्हा घरी आली. या वेळी कागद नव्हता. देवापुढे उभं राहून तोंडी 'चुकलें' म्हणायचं, एवढंच. दामोदरराव साक्षीत सगळं मवाळ करून सांगतील. पाळी मात्र पुढच्या घरी जाईल. आईनं सगळ्यांना कॉफी दिली आणि ती वकिलांकडे गेली. मी बरोबर होतेच.

"नाही म्हटलं तर तुरुंग होईल का, सार?"

वैद्यनाथन खोटा दिलासा देणारे नव्हते. "होऊ शकतो. मला वाटत नाही, पण होऊ शकतो. आणि नाही झाला तरी वर्षानुवर्षं वाय्द्यांना यावं लागेल."

"येईन," आई म्हणाली. "माझं दुकान समोरच आहे."

आणि ती आली. नाव पुकारलं की ती सुई कापडात खुपसून ठेवायची, पदर सारखा करायची, रस्ता ओलांडून पिंजऱ्यात उभी राहायची, पुढची तारीख घेऊन परत यायची आणि सोडलेल्या टाक्यापासून शिवायला लागायची. काही गिऱ्हाइकं तुटली. खाकी येणं बंद झालं. मंदिरातल्या बायका वाटेत दिसल्या की त्यांना अचानक दुकानांतल्या पाट्या वाचाव्याशा वाटत. मी बारावीनंतर कायद्याला जाते म्हटलं, तेव्हा तिनं शाबासकी दिली नाही. "आधीं काजें सरळ करायला शीक," एवढंच म्हणाली. बरीच वर्षं मला वाटायचं की ती फार कठोर होती. हल्ली वाटतं, तिला दुसरं काही परवडतच नव्हतं.

शेवटी साक्षी सुरू झाल्या. दामोदरराव पिंजऱ्यात उभे राहिले. सरकारी वकिलांनी त्यांच्याकडून सगळं वदवून घेतलं: मूर्ती नव्हती, हत्यार होतं, परवानगी नव्हती. मग वैद्यनाथन उठले. त्यांनी कात्री साक्षीदारापुढे धरली. मुठीवरचं कुंकू वाळून काळं पडलं होतं, पण दिसत होतं.

"चोर हत्याराला कुंकू लावून, तुळस वाहून ठेवतो का?"

"नाही."

"तुमच्या वडिलांची पाळी असताना देवाच्या जागी काय ठेवत?"

दामोदररावांनी मुठीवरच्या कुंकवाकडे पाहिलं. ते खोटं बोलू शकले असते. त्यांच्या वडिलांना जाऊन जमाना झाला होता. शेवटी ते म्हणाले, "मी फार लहान होतो. पण वडिलांना एकदा शेजारची कात्री मागून आणताना पाहिलं होतं. ते का, हे मला आत्ता कळतंय." त्यांनी आईकडे पाहिलं नाही. पिंजऱ्यातून उतरताना त्यांचा पाय अडखळला आणि डवालीनं त्यांना सावरलं. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावरचा राग अर्धा झाला. उरलेला मी ठेवला आहे.

निकालाच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. मंदिराची मंडळी मागच्या भिंतीशी, बाकावरची माणसं दारात. दंडाधिकारी तरुण होते, सौम्य होते. त्यांनी टाइप केलेले कागद चाळले, पेनाचं टोपण काढलं आणि तमिळमध्ये थोडक्यात सांगितलं की आरोपीचा हेतू शंकेपलीकडे सिद्ध झालेला नाही, सबब संशयाचा फायदा देऊन तिला सोडण्यात येत आहे. मागे कुणीतरी 'विठ्ठल विठ्ठल' म्हणालं. मी रडायला लागले. वैद्यनाथननी आईला हातानं खूण केली, उतरा, झालं.

आई हलली नाही.

"अम्मा, तुम्ही सुटलात," दंडाधिकारी म्हणाले. "जाऊ शकता."

"अय्या, एक विचारू?" अय्या म्हणजे तमिळमध्ये साहेब. तिनं पिंजऱ्याच्या कठड्यावर हात ठेवले. सुयांनी टोचलेली तिची बोटं मला दिसत होती. "संशयाचा फायदा म्हणजे, संशय अजून आहे ना?"

वैद्यनाथन कुजबुजत होते, अम्मा, खाली या, अम्मा. ती ऐकत नव्हती.

"तो फायदा मला नको. मी देव नेला, हे मी पहिल्या दिवसापासून सांगते आहे. दिवसाउजेडी नेला, माझ्या घरची पाळी म्हणून नेला. मी चोरी केली असेल तर तुरुंगात घाला. केली नसेल तर तसं म्हणा. बाहेर जाऊन मी माझ्या मुलीला काय सांगू, की कोर्टाला माझा संशय येतो, पण जाऊ दिलं?"

कोर्टात असं कुणी बोलत नाही. इतकी वर्षं मी वकिली केली, सुटलेला माणूस दारापर्यंत धावतच जातो. तुम्ही काय लिहून सोडता, असं एकानंही विचारलेलं मी पाहिलं नाही. सरकारी वकील उठले आणि पुन्हा बसले. दंडाधिकाऱ्यांनी समोरच्या कागदाकडे पाहिलं. पेन उघडंच होतं. सही झाली असती तर कायद्यानं त्यांनाही त्यातला मजकूर बदलता आला नसता, हे मी पुढे शिकले. सही झाली नव्हती.

त्यांनी पेनाला टोपण लावलं, शेवटचं पान बाजूला काढलं आणि टायपिस्टला नवा कागद घालायला सांगितलं. आधी इंग्रजीतून मजकूर सांगितला. मग आईकडे वळून, तिला नीट ऐकू जावं म्हणून सावकाश, तमिळमध्ये म्हणाले, "ह्या बाईंनी चोरी केलेली नाही."

तेव्हा आई पिंजऱ्यातून खाली उतरली.